‘पाहिलं’ म्हणण्याआधी

आमच्या नेमबाजी क्लबात एक शब्द मोठ्याने म्हणायची पद्धत आहे. रायफल रिकामी केली की ती शेजारच्या माणसाला दाखवायची. गोळी बसते त्या चेंबरमध्ये त्याने वाकून बघायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "पाहिलं." त्यानंतर चेंबरमध्ये पिवळी प्लास्टिकची पट्टी खोचायची, आणि मगच कोणीतरी जमिनीवरची पिवळी रेषा ओलांडून निशाणांचे कागद बदलायला पुढे जायचं. ही पद्धत मीच सुरू केली. शाळेत मी विज्ञान शिकवायचो आणि शनिवारी मुलांना नेमबाजी. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. शनिवार सुटला नाही.

रेंज म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. कॅनडातल्या विनिपेग सरोवराच्या काठावरचं आमचं गाव, गावात कर्लिंगचं, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचं, मैदान, त्याला लागून सभागृह आणि सभागृहाच्या तळघरात चार चटया मावतील एवढी लांबट खोली. फेब्रुवारीत बाहेर उणे तीस असतं, तेव्हा मुलं आधी हीटरपाशी हात शेकतात आणि मग चटईवर आडवी होतात. मुलांसाठी क्लबाच्या सहा जुन्या पॉइंट टू-टू रायफली आहेत. एक गोळी घाला, झाडा, बोल्ट मागे ओढा, पुन्हा एक घाला. मॅगझिन नावाच्या गोळ्यांच्या पेटीची भानगडच नाही. बोल्ट म्हणजे चेंबर बंद करणारा लोखंडी दांडा; तो ओढला की पोकळी दिसते, विषय संपला. माझ्या हाताला एकतीस वर्षं हीच एक हालचाल ठाऊक.

यंदा वसंतातल्या प्रांतीय स्पर्धेत मुलांसाठी नवा प्रकार आला. पाच लोखंडी चकत्या, ठरावीक सेकंदांत पाडायच्या. आमच्या रायफलींनी ते जमण्यासारखं नव्हतं. क्लबाचा अध्यक्ष लॉर्न थॉर्डारसन माझा बालमित्र, तो तर सभेत सरळ म्हणाला, "ओरेस्ट, तुझ्या त्या रायफलीत दुसरी गोळी भरेपर्यंत पोरांना मिशा फुटतात."

"मुलींनाही?" मी विचारलं.

"मुलींनाही! अरे, आता सेमी-ऑटो घेऊया. एक घेऊया, पण घेऊया. आणि कुठली ते तूच ठरव. नाहीतर वर्षभर कुरकुरशील."

मी दोन वर्षं कुरकुरतच होतो. मुलांच्या हाती आपोआप गोळी भरणारी रायफल नको, घाईची सवय लागते, असं माझं म्हणणं. पण ठरवायचं मी, म्हटल्यावर मला ते आवडलं, हेही खरं. निवड करायची तर मुलांनाही ती शिकवावी, म्हणून मी मारेनला बरोबर घेतलं.

मारेन तेरा वर्षांची. क्लबातली सगळ्यात शांत नेम असलेली मुलगी. बारीक चणीची, लांब बाह्यांच्या स्वेटरात निम्मे पंजे झाकलेले, आणि खिशात कायम एक वही. तिला मी तीन प्रश्न दिले होते. बसते का? नेम धरताना निशाण नीट दिसतं का? रिकामी करता येते का? तिने ते वहीत एकाखाली एक लिहिले आणि वर स्वतःचा चौथा घातला: "कायद्यात बसते का?"

"हा पहिला पाहिजे, सर," ती म्हणाली. "नाहीतर बाकीचे तीन कशाला?"

खरं होतं ते. आमच्याकडे रायफल निर्बंधमुक्त वर्गात आहे की नाही, हे तिच्या रंगावरून किंवा चेहऱ्यावरून ठरत नाही. नेमक्या मॉडेलच्या नावावरून ठरतं, आणि याद्या बदलतात. मागच्या वर्षी चाललेली या वर्षी चालेलच असं नाही.

तीन सभासदांनी आपापल्या रायफली बघायला दिल्या. पहिली काळी, लष्करी दिसणारी. तिचा दस्ता मागेपुढे सरकायचा, त्यामुळे छोट्या टेओपासून लॉर्नपर्यंत सगळ्यांना बसायची. टेओ तर तिच्यामागून उठायलाच तयार नव्हता. पण नाव यादीशी ताडून बघताना मारेनचं बोट थांबलं. त्याच नावाची, शेवटी एक आकडा वेगळा असलेली रायफल बंदीत गेली होती, आणि या रायफलीवरचा आकडा घासून पुसट झाला होता. "खात्री नाही म्हणजे नाही," मी म्हटलं. टेओने तोंड वाकडं केलं. मारेनने फुली मारली.

दुसरीत गोळ्या नळीखालच्या लांब नळकांड्यात भरायच्या. वजनाला हलकी, दिसायला देखणी. पण नळकांड्याच्या तळाशी एखादी गोळी अडकली तर ती वरून दिसत नाही. तिसऱ्या प्रश्नावर तीही गेली.

उरली तिसरी. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, दहा गोळ्यांचं छोटं मॅगझिन. दस्ता कोपराच्या खाचेत धरला तर मारेनचं बोट बरोबर ट्रिगरपर्यंत पोहोचायचं, म्हणजे मुलांच्या मापाची. नाव यादीत स्वच्छ, निशाणही नीट दिसायचं. एकच खोड होती. शेवटची गोळी झाडल्यावर तिचा बोल्ट आपोआप उघडा राहत नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला ती भरलेली की रिकामी ते कळत नाही. मारेनने वहीत लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली: "आधी मॅगझिन काढायचं. मगच बोल्ट." तिने ते मला दाखवलं आणि मी मान डोलावली. शाबास म्हणालो.

मग एका शनिवारी सकाळी शेवटची चाचणी होती. प्रत्येक मुलाने अक्रोडी रायफलीने पाच गोळ्या झाडायच्या. मॅगझिन मी भरत होतो आणि भरताना टेओला सांगत होतो की श्वास कुठे धरायचा. मारेनच्या पाळीला मी पाच भरल्या असं मला वाटत होतं. आठ भरल्या होत्या.

तिने पाच झाडल्या, बोट ट्रिगरवरून काढून सरळ ठेवलं आणि मला म्हणाली, "झाल्या पाच."

"रेंज बंद!" लॉर्न ओरडला. मुलं मागे सरकली, कोट चढवू लागली. मारेन अजून चटईवर होती, दस्त्यावर हात ठेवून. मी तिच्याशेजारी गुडघ्यावर बसलो आणि माझा हात आपला पुढे गेला. बोल्ट मागे ओढला, सोडला. मग मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. उलटा क्रम. बोल्ट ओढताना चेंबरमधली एक जिवंत गोळी उडून चटईवरच्या रिकाम्या पुंगळ्यांत पडली आणि बोल्ट परत जाताना पुढची गोळी घेऊन गेला. मी आत पाहिलं नाही. चष्मा कपाळावर होता. मीच दाखवणारा आणि मीच बघणारा झालो आणि म्हणालो, "पाहिलं."

मारेन म्हणाली, "सर, आधी..."

"थांब, एक गंमत दाखवतो. हिचा ट्रिगर किती अलगद सुटतो बघ." मी तिच्या हातावरून हात नेला आणि ट्रिगर दाबला.

तळघरात तो आवाज फार मोठा झाला. गोळी समोरच्या दोन नंबरच्या निशाणाच्या लाकडी पायाला लागली, ढलपा उडाला. लॉर्नचा एक पाय पिवळ्या रेषेच्या पुढे पडलेला होता. निशाणापासून तो दूर होता, लागण्यासारखं काही नव्हतं. पण पाय पुढे होता. "पाहिलं" ऐकून त्याने तो टाकला होता.

तो वळला. त्याला काय दिसलं असेल? चटईवर रायफलीपाशी मुलगी, आणि तिच्यावर वाकलेला तिचा शिक्षक.

"मारेन!" तो ओरडला. "हात काढ! हात काढ आधी!"

मारेनने हात काढले. स्वेटरच्या बाह्या पंजांवरून खाली आल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वर्गात उत्तर बरोबर आल्यावर मुलं बाईंकडे बघतात तसं. आता सर सांगतील, असं.

मी म्हणालो, "नवीन रायफल आहे, लॉर्न. होतं असं."

एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. एकतीस वर्षांत मुलांना मी हजारदा सांगितलं असेल की अर्धं सत्य सांगून थांबलेला माणूस बरोबर कुठे थांबायचं ते ठरवूनच थांबतो. आता ते मला नीट समजलं.

लॉर्न भिंतीकडे गेला. भिंतीवर खिळ्यांना सगळ्यांची कार्डं टांगलेली आहेत, नावाची बाजू बाहेर. चुकून गोळी सुटली की त्या माणसाचं कार्ड उलटं टांगायचं, पूर्ण मोसमासाठी. कोणी असो. हा नियमही माझाच. लॉर्नने मारेनचं कार्ड उलटं केलं. म्हणजे वसंतातली स्पर्धा गेली.

"पोरी, मला वाईट वाटतंय," तो म्हणाला, "पण नियम तो नियम."

"हो," मारेन म्हणाली.

टेओ तोंडात बोट घालून उभा होता. मुलं जिना चढली. मी खाली बसून पुंगळ्या गोळा करू लागलो. त्यांत ती न झाडलेली गोळी सापडली. ती त्या रायफलीतून बाहेर पडली होती आणि तिथे दुसरं कोणी ती पाडू शकलं नसतं. मी ती कोटाच्या खिशात टाकली.

रविवारी घरी बसून मी क्लबासाठी शिफारशीचं पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं, मला लिहिता येतं. बोल्ट आपोआप उघडा राहत नसल्याने ही रायफल मुलांच्या हाती देणं योग्य नाही; शनिवारचा प्रसंग पुरेसा बोलका आहे. "प्रसंग" या शब्दाने मला किती बरं वाटलं! प्रसंगाला हात नसतात. पत्र घडी घालून मी पाकिटात ठेवलं आणि त्या रात्री नीट झोपलोसुद्धा. हे लिहायला नको वाटतं, पण झोपलो.

मंगळवारी गावच्या को-ऑप दुकानात दूध घ्यायला गेलो. मारेनची आई ब्रिन्या तिथे गल्ल्यावर असते. मला बघून तिने शेजारणीला गल्ल्यावर बसवलं आणि बाहेर आली.

"पवलिक सर, मला तुमच्याकडे यायचंच होतं. शनिवारचं कळलं. तुमच्यासमोर असं करून बसली कार्टी. इतकी वर्षं तुमच्या रेंजवर कोणाला ओरखडा नाही, आणि माझ्याच पोरीने... माफ करा हो."

"अगं, ब्रिन्या, तू नको..."

"नाही, तुम्ही तिला पाठीशी घालणार, मला माहीत आहे. तुमचा स्वभावच तो. आमच्या वेळी मी काचेची नळी फोडली होती तेव्हा तुम्ही हेडमास्तरांना सांगितलंत की मांजराने पाडली!" ती हसली. मग तिने कोटाखालून फॉइलमध्ये गुंडाळलेली वडी काढली, आलुबुखाराच्या सात थरांचा केक. "आईने नाताळातला ठेवला होता. घ्या. आणि मारेन आत आहे, मागच्या खोलीत अभ्यास करते. तिला मी सांगितलंय माफी मागायला. दोन शब्द ऐकवा तिला, तुमचं ऐकते."

मी केक घेतला. नाही म्हणता आलं नाही. मागच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यांमध्ये एका उलट्या खोक्यावर मारेन बसली होती. समोर वही. तिने मान वर केली नाही.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"मी ट्रिगरला हात लावला होता का?"

मी केक दुसऱ्या हातात घेतला.

"मला आधी वाटत होतं, नाही. पण मग सगळे म्हणाले. आई म्हणाली. तुम्ही पण काही बोलला नाहीत. मग मी खूप आठवून बघितलं, तर आता मला असं दिसतं की माझं बोट होतं तिथे. खरंच दिसतं." ती आपल्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघत होती. "म्हणजे मला कळलंच नाही? बोट माझं असून?"

मुलांना शिकवताना मी एकाच गोष्टीची काळजी घेत आलो. मूल चुकलं तर चालतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर त्याने विश्वास ठेवला पाहिजे. वर्गात अवघड प्रयोग करताना पुस्तक वेगळं सांगत असेल तरी आधी तुझं निरीक्षण लिही, असं म्हणायचो. आणि इथे एक मूल माझ्यासाठी आपलं निरीक्षण खोडत बसलं होतं.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पाच पावलांवर तिची आई, हातात केक. मी म्हणालो, "रविवारी बोलू," आणि निघून आलो. गाडीत बसून इंजिन चालू केलं, काचेवरचा बर्फ वितळायची वाट बघत बसलो. खिशात हात घातला तर ती गोळी होती. केक खायचा धीर झाला नाही. तो अजून फ्रीझरमध्ये आहे.

रविवारी क्लबाची सभा दुपारी, पॅनकेकच्या जेवणानंतर. मी सकाळीच मारेनच्या घरी गेलो. ब्रिन्याने दार उघडलं, मी बूट न काढताच उभा राहिलो आणि दोघींना सांगितलं. क्रम उलटा केला, बघितलं नाही, ट्रिगर मी दाबला, आणि मग गप्प राहिलो. खिशातली गोळी टेबलावर ठेवली. ती मी का उचलली, तेही सांगितलं.

ब्रिन्या खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "आणि मी तुमची माफी मागितली."

"हो."

"आणि तुम्ही केक घेतलात."

"हो."

मारेन जिन्यावर उभी होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. मग म्हणाली: "म्हणजे, आधी माहीत होतं. मग नव्हतं." ती वर गेली. दार आपटलं नाही तिने. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सभेत तीस-एक माणसं होती. सिरपचा वास, कॉफी. लॉर्नने विचारलं, "ओरेस्ट, पत्र आणलंस?" मी ते पाकिटातून काढलं आणि दोनदा फाडलं. मग सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही, कारण समोर टेओ बसला होता आणि त्याचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

मागून कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे ना, सर आहेत ते. इतकी वर्षं..."

"म्हणजे पोरीने केलं तर नियम, आणि सरांनी केलं तर जाऊ दे?" लॉर्न त्याच्यावर खेकसला. माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही. "माझा पाय पुढे होता, ओरेस्ट. तुझ्या शब्दावर होता."

"माहीत आहे."

"आठवडाभर मी त्या पोरीच्या नावाने बोटं मोडली. घरी, कर्लिंगला, सगळीकडे."

"माहीत आहे."

"तुला सगळं माहीतच असतं," तो म्हणाला. सत्तर वर्षांच्या ओळखीत याहून कडू तो मला काही बोललेला नाही.

तो खाली गेला. वर आम्हाला पायऱ्यांचा आवाज ऐकू येत होता, जाण्याचा आणि येण्याचा. दोन कार्डं फिरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

रायफल कुठली, हा प्रश्न राहिलाच होता. मी म्हणालो, अक्रोडीच घ्या. यादीत आहे, मुलांना बसते, निशाण नीट दिसतं, आणि रिकामी करता येते. खोट रायफलीत नाही. मारेनच्या वहीत ते आधीच लिहिलेलं आहे, दोन रेघांखाली. हात वर झाले आणि ठरलं.

तेव्हापासून मी शनिवारी येतो, पण रेषेच्या मागे. कोको करतो, कोट टांगतो, लहानांच्या बुटांच्या नाड्या बांधतो. लॉर्न शिकवतो. तो माझ्यापेक्षा मोठ्याने शिकवतो, आणि मुलं शिकतात, त्यात काही कमी पडत नाही. हे बघणं सोपं नाही, पण बघतो. पहिल्या शनिवारी टेओने मला विचारलं, "सर, तुमचं कार्ड किती दिवस उलटं?" मी म्हटलं, मोसम संपेपर्यंत. तो म्हणाला, "माझ्या भावाने गाडी ठोकली तेव्हा त्याचं लायसन्स पण एवढेच दिवस गेलं होतं," आणि कोको प्यायला लागला.

मारेन माझ्याशी बोलते, पण लागेल तेवढंच. वही आता ती मला दाखवत नाही.

मार्चच्या शेवटी, स्पर्धेच्या आदल्या शनिवारी, लॉर्नला वर फोन आला. जाताना त्याने सगळ्यांच्या रायफली तपासून ठेवायला सांगितलं. चटईवर एकटी मारेन उरली होती आणि दुसरं माणूस म्हणजे मी. बघणारा रेषेमागूनही चालतो, त्याला कार्ड लागत नाही. तिने इकडे तिकडे पाहिलं, दुसरं कोणी आहे का ते. नव्हतं.

तिने मॅगझिन काढलं, ते उलटं करून मला दाखवलं. मग बोल्ट मागे ओढला, छोटा खटका दाबून तो अडकवला, आत पाहिलं, करंगळीचं टोक घालून चाचपलं. तोंड निशाणाकडेच ठेवून तिने रायफल कुशीवर कलती केली आणि माझी वाट बघू लागली.

"पाहि..." माझ्या तोंडातून निघालंच होतं.

"सर," ती म्हणाली. "चष्मा."

मी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. गुडघे दुखत होते तरी रेषेपाशी खाली वाकलो. आत अंधार होता. दिव्याचा उजेड यावा म्हणून तिने रायफल बोटभर फिरवली, आणि तेव्हा मला चेंबरची रिकामी, चकचकीत कड दिसली. मी आणखी थोडा वेळ बघत राहिलो. तिने घाई केली नाही.

"पाहिलं," मी म्हणालो.

तिने पिवळी पट्टी खोचली आणि कागद बदलायला पुढे गेली.